खर्जाची तार आणि तिसरा गिअर

मला लांब गाड्या आवडतात. उंच नव्हे, लांब. हल्ली ज्याला त्याला ट्रकच्या उंचीवरून रस्ता बघायची हौस असते, ती मला कधीच नव्हती. जमिनीला धरून बसलेली, छप्पर थेट शेपटीपर्यंत गेलेलं, मागे कपाट आडवं मावेल एवढी डिकी, आणि तरीही हायवेला भल्याभल्यांना मागे टाकणारी गाडी. तिला एस्टेट म्हणतात. त्यातही दणकट टर्बो इंजिनाची एस्टेट हे माझं कॉलेजपासूनचं खूळ. आपल्याकडे अशा गाड्या आल्या थोड्या आणि खपल्या त्याहून थोड्या. लोक म्हणाले, ही कसली गाडी, ही तर अँब्युलन्स. मग विकणाऱ्यांनीही गाशा गुंडाळला.

नवऱ्याला यातलं काही पटत नाही. बिबवेवाडीत आमचा केकचे खोके बनवायचा लहानसा कारखाना आहे. ते खोके दुकानांत पोचवायला गाडी हवी, हे माझं अधिकृत कारण. त्यावर तो पेपरातून डोकंही वर न काढता म्हणतो, "मग टेम्पो घे." इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला नेमकं कुठे टोचायचं ते बरोबर कळतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी सदाशिव पेठेत दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. रूट कॅनाल झालं, अर्धं तोंड बधिर, आणि स्कूटर काढायला खाली आले तर शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक झाकलेली गाडी. कव्हर मागून फाटलेलं होतं. त्या फटीतून बाटलीचा हिरवा रंग आणि उतरती न होता सरळ मागे गेलेली छपराची कड दिसली. माझे पाय तिथेच थांबले. मी खाली वाकले, सायलेन्सरची दोन तोंडं पाहिली, चाकामागे लाल ब्रेक पाहिले, आणि मग मला राहवेना. मी चक्क फरशीवर गुडघे टेकून बसले.

"काही हरवलंय का आपलं?"

वरच्या बाल्कनीतून एक गृहस्थ विचारत होते. पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाजात असा गोडवा की ऐकणाऱ्याने ओळखावं, आता आपली खैर नाही. मी सांगायला गेले की गाडी फार सुंदर आहे. बधिर तोंडातून निघालं ते माझं मलाच कळलं नाही. ते म्हणाले, "आधी पाणी प्या वर येऊन. मग बोला. किंवा नका बोलू."

मी वर गेले. घरात दोघंच, नवरा-बायको, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढची. मी त्यांना काका-काकू म्हणू लागले ते पहिल्या दहा मिनिटांतच. काका एका इंजिनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायच्या खात्यात होते. म्हणजे आयुष्यभर एकच काम, माल हातात घ्यायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर ते काम त्यांनी भाजीवाल्यांवर सुरू ठेवलं होतं, असं काकूंनी मला ऐकवलं. काकू गायिका. फार मोठं नाव नाही, पण गावोगावच्या बैठका, गणेशोत्सव, आकाशवाणी असं चाळीसेक वर्षं गाणं केलेलं. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात दोन तंबोरे उभे होते, गवसणी घातलेले.

गाडी त्या तंबोऱ्यांसाठीच घेतलेली निघाली. तंबोरा आडवा ठेवायचा तर साध्या गाडीत मावत नाही, टपावर बांधायचा तर जीव वर-खाली होतो. एस्टेटची मागची सीट पाडली की तो गादीवर ऐसपैस झोपतो. आणि इंजिन एवढं जोराचं कशाला, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "ह्या कधी वेळेवर तयार झाल्या आहेत? कोल्हापूरची बैठक सहाची, आणि आमच्या घरी दोन वाजता साडी बदलायची." काकूंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला ही दोघं इतकी आवडली की काय सांगू.

मग मी धीर करून विचारलं, गाडी विकणार का. काकांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही नीट दिसत नव्हतं, दोन वर्षांपासून गाडी चालवणं बंद. गाडी जाणार होती, येत्या रविवारीच. पण चालवायला नव्हे. भोसरीकडचा एक माणूस ती सुटे भाग काढायला नेणार होता. इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत बसवणार, दारं-काचा विकणार, सांगाडा भंगारात.

मी बधिर तोंडानेच ओरडले असणार, कारण काकू आतून चमचा घेऊन धावत आल्या.

काकांनी शांतपणे कारण सांगितलं. गाडीत दोष आहे. तो सापडत नाही. आणि दोष असलेली वस्तू धडधाकट म्हणून कुणाच्या गळ्यात मारायची, हे त्यांच्याकडून होणार नाही. भाग सुटे केले की घेणाऱ्याला प्रत्येक भाग उघडून तपासता येतो, मग त्यात फसवणूक नाही. मी विचारलं, दोष काय? तर ते म्हणाले, "तंबोरा बोलत नाही."

मला वाटलं, म्हातारबुवा बहुतेक घसरले. पण त्यांनी नीट समजावून सांगितलं, अगदी कारखान्यात नव्या माणसाला सांगावं तसं. एस्टेटचा मागचा भाग म्हणजे पोकळ डबा. इंजिनाचा घुमारा त्यात भरून राहतो. गाडी तिसऱ्या गिअरला टाकायची, आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर आणायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. त्या वेळी इंजिनाचा जो आवाज होतो तो आणि तंबोऱ्याची सर्वांत खालची, खर्जाची तार, दोघांचा सूर एकच. मग कुणी हात न लावता ती तार आपसूक घुमायला लागते. नुसतं त्या काट्यावरून पुढे निघून गेलं तर नाही, सूर धरून राहिलं तरच. गाडी घेतली त्या पहिल्याच प्रवासात ही गंमत काकूंच्या लक्षात आली होती. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला जाताना काका एकदा काटा तिथे धरायचे, मागून तार बोलली की समजायचे, इंजिन ठणठणीत. आणि चालवणं बंद होण्याच्या सुमारास एक दिवस तार बोलली नाही. परत नाही, कधीच नाही. त्यांनी इंजिनाखालची रबरं बदलली, सायलेन्सर बदलला, काट्याचं मीटरसुद्धा तपासून आणलं. मेकॅनिकला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी त्यांच्याकडे आणि मग काकूंकडे पाहिलं म्हणे. उपयोग शून्य.

"इंजिनाचा सूर बदलला म्हणजे आत काहीतरी बदललंय," काका म्हणाले. "मला सूर कळत नाही. पण इंजिन कळतं."

काकू तेव्हा तिथेच उभ्या होत्या. मला आठवतंय, त्या मला विचारत होत्या, दात फार दुखतोय का.

मी हट्टाने ती गाडी चालवायला मागितली. काकांनी किल्ली दिली आणि बजावलं की मिळणार नाही, उगाच जीव लावू नका. आता हे मला सांगायचं! स्वारगेटपर्यंत जाऊन आले असेन, तेवढ्यात माझा जीव लागून, लग्न होऊन, पोरंबाळं झाली. स्टिअरिंग जड आणि नेमकं. सिग्नल सुटल्यावर दुसऱ्या गिअरला पाय दाबला तर पाठ सीटला चिकटली. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. शेजारच्या रिक्षावाल्याने खिडकीत वाकून पाहिलं, ताई बऱ्या आहेत ना म्हणून.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तंबोरा बिघडलाय म्हणून गाडी भंगारात. पुण्यातच होऊ शकतं." पण दुसऱ्या दिवशी तोच आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन माझ्याबरोबर सदाशिव पेठेत आला. मनात काय असतं आणि तोंडाने काय बोलतो, हा माणूस! मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडला, कॉम्प्रेशन पाहिलं, गाडी खालून वरून तपासली आणि सांगितलं की इंजिन नव्यासारखं आहे, असं इंजिन फोडणं पाप आहे. काकांनी त्याला चहा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले की ह्यांच्या यंत्राला जे मोजायला शिकवलंय तेवढंच ते मोजतं. माल रिजेक्ट तो रिजेक्ट.

माझी चिडचिड झाली. खरंच सांगते, रडू यायच्या बेताला आले. अशी गाडी पुन्हा आयुष्यात दिसणार नव्हती, आणि ती रविवारी गॅसकटरखाली जाणार होती. मी म्हटलं, काका, मग माझ्यासमोर एकदा तंबोरा ठेवून दाखवा. मी चालवते. नाही बोलला तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्यांना हे पटण्यासारखं होतं, चाचणीला कधी नाही म्हणणारा माणूस नव्हे तो. पण काकू एकदम म्हणाल्या, तंबोरा नको. आता तो बाहेर काढायचा नाही, तारा जुन्या झाल्यात, भोपळ्याला धक्का लागेल. एवढं एकामागून एक बोलल्या की काकाही चमकले. विषय तिथेच संपला.

शनिवारी रात्री मी नवऱ्याला सांगून टाकलं की टेम्पो बघू. त्याने टोमणा मारला नाही, यावरूनच माझी अवस्था काय होती ते समजा.

आणि रविवारी उजाडता उजाडता काकूंचा फोन. भोसरीचा माणूस अकराला येणार आहे, त्याआधी ये. तंबोरा घेऊन जाऊ, मीही येते. एवढंच बोलल्या आणि ठेवून दिला. त्या मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होत्या, हे मला स्कूटर काढताना कळलं.

गाडीची मागची सीट अर्धी पाडली, त्यावर गादी अंथरली. काकूंनी गवसणी काढून तंबोरा स्वतः आडवा ठेवला आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर त्याच्या शेजारी बसल्या, एक हात त्याच्या दांडीवर. काका माझ्या शेजारी. त्यांनी पट्टा लावला, मांडीवर हात ठेवले आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर बघू लागले. दिसत होतं किती देव जाणे.

मी पहिली चूक तिथेच केली. मागे तंबोरा, शेजारी काकू, म्हणून मी गाडी अशी जपून चालवायला लागले की बिबवेवाडीच्या चौकात एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. काका म्हणाले, "वरात आहे का? रात्रीपर्यंत पोचलं पाहिजे कुठेतरी." कात्रजचा बोगदा ओलांडला, पुढे सातारा रस्ता रिकामा आणि रुंद पसरला होता, डाव्या हाताला टेकड्यांवर ऊन आलं होतं. मी तिसरा टाकला आणि पाय दाबला. ती गाडी काय उसळली! काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं, पण ते घाबरून नव्हतं. आरशात पाहिलं तर बाई हसत होत्या, केस उडत होते, पंचाहत्तरीपलीकडचं माणूस वाटतच नव्हतं.

"साडेतीन," काका म्हणाले. "धरा."

मी काटा साडेतीन हजारावर आणून धरला. इंजिन एका सुरात घुमत होतं. आम्ही तिघंही कान देऊन ऐकत होतो. मागून काही नाही. मी थोडी हळू झाले, काटा पुन्हा वर आणला, पुन्हा धरला. काही नाही. तिसऱ्यांदा धरलं. तंबोरा गप्प.

काका म्हणाले, "पाहिलंत ना." त्यात चिडणं नव्हतं, मला खोटं पाडल्याचं समाधानही नव्हतं. आपलं माणूस आजारी आहे हे डॉक्टरने दुसऱ्यांदा सांगितल्यावर जसं बोलतात तसं ते बोलले. मग म्हणाले, वळवा आता, तो माणूस येईल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वळणाची पाटी दिसायला लागली तसा मी वळायचा दिवा लावला.

"वळवू नकोस," मागून काकू म्हणाल्या.

मी दिवा बंद केला. मग काकू बोलल्या, माझ्याशी नाही, काकांच्या पाठीशी.

"अहो, गाडीत काही नाही. मी पट्टी उतरवलीय."

काकांना कळलंच नाही. काकूंनी मग सगळं सांगितलं, हळू आवाजात, पण न थांबता. आयुष्यभर त्या काळी पाचमध्ये गायल्या, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर हा त्यांचा सा. इंजिनाचा साडेतीन हजारावरचा आवाज तोच होता म्हणून तार घुमायची. पण वय झालं, वरचे सूर लागेनात, गळा थकला. त्यांनी आपला सा खाली आणला, काळी चारवर. तंबोऱ्याच्या तारा तशा लावून घेतल्या. घरात कुणाला सांगितलं नाही. ज्या दिवशी तार पहिल्यांदा बोलली नाही त्याच दिवशी त्यांना कारण ठाऊक होतं.

"मी रबरं बदलली," काका म्हणाले. "सायलेन्सर बदलला. अगं, मीटर तपासून आणलं. तू बघत होतीस."

"बघत होते."

"का नाही सांगितलंस?"

काकूंनी तंबोऱ्याच्या दांडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर माल रिजेक्ट करत आलात. मला म्हटलं असतंत तर?"

नवरा-बायकोच्या मधे असं अडकू नये कुणी, तेही ताशी ऐंशीला. मी समोर बघत राहिले. शेजारून एक दुधाची गाडी गेली, खेड-शिवापूरच्या पाट्या यायला लागल्या. मला वाटलं, आता काका संतापणार. एवढा खर्च, एवढी वणवण, आणि आज ही गाडी मोडायला निघालेली, ते सगळं ह्या एका न सांगितलेल्या गोष्टीपायी.

"काळी चार म्हणजे खाली किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दोन पट्ट्या, मधली पांढरी धरून."

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत हिशोब केला. मग मला म्हणाले, "तिसऱ्यातच राहा. काटा खाली आण. हळू. अजून. तीन हजाराच्या जरा वर." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं होतं. मी पाय अगदी केसाएवढा हलका केला. काटा उतरत आला. काकांनी हात वर केला, "बास. धर."

मी धरलं. आधी मला वाटलं भास होतोय. मग मागून, अगदी खालून, एक घुमारा उठला, इंजिनाच्या आवाजात मिसळलेला पण वेगळा, आणि वाढत वाढत साऱ्या गाडीत भरून राहिला. काकूंनी तंबोऱ्यावरचा हात कधीच काढून घेतला होता. तार एकटी बोलत होती. काकूंनी अगदी हलकेच त्यात आपला सा मिसळला. नवा, खालचा सा. आवाज जरा खरखरीत होता, पण सुरात इतका घट्ट की माझ्या अंगावर काटा आला. मी रडतही होते आणि हसतही होते, आणि पाय मात्र तसूभर हलू देत नव्हते.

काकांनी खिशातून फोन काढला. नंबर त्यांना दिसेना, म्हणून तो माझ्यासमोर धरला. मी एका हाताने स्टिअरिंग सांभाळत, काट्यावरची नजर न काढता सांगितलं की मला नाही जमणार. मग मागून काकूंनी हात पुढे केला आणि लावून दिला. काकांनी भोसरीच्या माणसाला सांगितलं की येऊ नका, गाडी अख्खी विकली, बिबवेवाडीच्या एका बाईंना. तो काहीतरी बोलला असणार, कारण काका जरा वेळ ऐकत राहिले. दोष निघाला का, कुठे होता, असं त्याने विचारलं बहुतेक.

"निघाला," काका म्हणाले. "इंजिनात नव्हताच. इतकी वर्षं घरात हिचं गाणं चालू होतं, आणि मी फक्त इंजिन ऐकत होतो."